उस्तादांची पिवळी नळी

त्या इमारतीतली लिफ्ट बटणावर चालत नसे, तळघरातल्या एका माणसाच्या मर्जीवर चाले. वर हिशेबखात्याचे जाडजूड साहेब बटण दाबदाबून बोटाला घट्टे पाडून घेत आणि शेवटी पुटपुटत जिन्याला लागत. खाली लिफ्टच्या दारात लाकडाची पाचर ठोकलेली असे. पाचर दिसली की समजायचं, उस्ताद कामाला बसले. लिफ्ट हलली की भिंत हलते, भिंत हलली की टेबल हलतं, टेबल हललं की काचेची सुई हलते आणि सुईखालची पेशी फुटते. पेशी फुटली की उस्ताद असं तोंड करत, जणू घरातलं माणूस गेलं आणि तेही हिशेबखात्याच्या पायगुणाने.

"जिना चढत जा साहेब," ते तोंडावर सांगत. "स्नायूंना बरं असतं. मी स्नायूंचाच माणूस आहे."

उस्ताद ही पदवी कुठल्या विद्यापीठाची नव्हे. विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, त्यांनी एका भाषणात टाळ्या मिळवायला तो शब्द वापरला आणि या गड्याने तो उचलून घरी नेला. तेव्हापासून खऱ्या नावाने हाक मारली तर ते बहिरे होत. पाठीमागे त्यांना नळीबुवा म्हणत. ते त्यांना ऐकू येत नसे, कारण ऐकू येऊ द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

काम काय, तर स्नायूच्या पेशीच्या कातडीतून आयनांची ये-जा मोजायची. पेशी म्हणजे खाऱ्या पाण्याने भरलेली इवलीशी पिशवी. तिच्या पातळ कातडीला दारं असतात, आणि त्या दारांतून विजेचा भार अंगावर घेतलेले कण, म्हणजे आयन, आतबाहेर करतात. पोटॅशियम आत घर करून, सोडियम बाहेर, आणि कॅल्शियम बाहेर उंबऱ्याशी टपून. दार उघडलं की कॅल्शियम आत घुसतं आणि स्नायू आवळतो. माणूस पापणी मिटतो, पोतं उचलतो, शेजाऱ्याच्या अंगावर धावून जातो, ते सगळं या दारांच्या उघडझापीवर.

मोजायची रीतही ऐकण्यासारखी. काचेची नळी तापवून ताणायची, तिचं टोक केसाहून बारीक करायचं. आत खारं पाणी आणि चांदीची तार. सूक्ष्मदर्शकातून बघत ते टोक पेशीच्या पाठीवर अलगद टेकवायचं. काचेच्या मागच्या अंगाला रबराची लांब नळी, तिचं दुसरं टोक आपल्या तोंडात. मग तोंडाने हवेची एक ओढ घ्यायची, मूल झोपलेलं असताना आपण श्वास घेतो तशी. पेशीची कातडी काचेला अशी डसली पाहिजे की मधून एक कण निसटता कामा नये. मग आणखी एक बारकी ओढ, कातडीला भोक, आणि आतला सगळा कारभार पडद्यावर रेघ होऊन उमटतो. ओढ कमी पडली तर पेशी चिकटत नाही, जास्त झाली तर आख्खी काचेत शिरून मरते.

आणि उस्तादांना ही ओढ साधली होती, यात शंका नको. दिवसभरात इतरांच्या दोन पेशी लागल्या तर उस्तादांच्या ताटलीभर लागत. पण त्यांना मान होता तो त्याबद्दल नव्हे.

मान होता विसाव्याच्या झडपेबद्दल.

झालं होतं असं, की बाकी कोणी मोजलं तर कॅल्शियम आत शिरताना पडद्यावरची रेघ विहिरीत बादली सुटावी तशी खोल जाई. उस्तादांच्या हातून मात्र तीच रेघ जेमतेम वीतभर खाली जाऊन सावकाश वर येऊन बसे. मोठ्या सरांनी ते पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात दिवा लागला. स्नायूच्या कातडीत म्हणे एक नाजूक झडप असते, जी त्याला दमू देत नाही, विसावा देते. दांडगाईने ओढ घेतली की ती फाटते, म्हणून जगाला दिसत नाही. हळुवार हातालाच दिसते. या झडपेवर मोठ्या सरांनी निबंध लिहिले, पुस्तक लिहिलं, देशोदेशी भाषणं ठोकली आणि शाली नसतील तिथे निदान मानपत्रं तरी गोळा केली. दूरदूरच्या प्रयोगशाळांनी तेच मोजून पाहिलं. त्यांना झडपेचं नखही दिसलं नाही. त्यांना सरांचं ठरलेलं उत्तर जाई: आपले हात खरखरीत आहेत.

दोघे पाहुणे तर उस्तादांच्या टेबलावर येऊन बसले. त्यांना उस्तादांची काच दिली, उस्तादांचं पाणी दिलं, उस्तादांच्या पेशी दिल्या. फक्त नळी त्यांनी आपापली नवी जोडली. उस्तादांची नळी तोंडात घ्यायला माणूस फार तहानलेला तरी पाहिजे होता किंवा आंधळा. वर्षानुवर्षं एकच नळी. म्हाताऱ्या घोड्याच्या दातासारखी पिवळी पडलेली, टोकाला चावून चावून चपटी झालेली. "तिला माझी सवय झालीय," उस्ताद म्हणत आणि तिच्यावरून असा हात फिरवत की बघणाऱ्याने नजर दुसरीकडे वळवावी. पाहुण्यांना झडप दिसली नाही. ते आपले हात बघत परत गेले.

तर असा सगळा आनंद चाललेला असताना यंत्रबाई आली.

ही तरुण संशोधक. शिकून सवरून आलेली, येताना एक कपाटाएवढं यंत्र घेऊन आली. ते यंत्र स्वतःच्या पंपाने स्वतः ओढ घेई, एका वेळी पेशींची रांग लावून सगळ्यांचा प्रवाह मोजी. त्याला लिफ्ट हलल्याचं सुखदुःख नव्हतं. यंत्र उस्तादांच्या खोलीतच, त्यांच्या टेबलासमोर मांडलं गेलं, आणि उस्तादांना आपल्या चुलीपुढे कोणी दुसरी चूल मांडल्यासारखं झालं.

त्यात ती त्यांना उस्ताद म्हणेना. पहिल्या दिवसापासून "काका".

"काका, हे तुम्ही वाचलंत का?" तिने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'या खोलीत खाण्यापिण्यास सक्त मनाई.'

"मीच लिहिलंय."

"मग गालात काय आहे?"

"गोळी."

गोळी म्हणजे पेपरमिंटची, घशाची. बायकोने सिगारेट सोडायला लावली तेव्हापासून उस्तादांच्या खिशात एक चपटी डबी असे आणि गालात एक फुगा. सकाळी दात घासल्यावर जी पहिली गोळी आत जाई ती संध्याकाळपर्यंत आपल्या मुलाबाळांना बोलावत राही.

"गोळी म्हणजे खाणं नाही का?"

"खाणं गिळतात. गोळी विरघळते. विज्ञानाच्या ना तुम्ही? एवढा फरक कळायला हवा." मग नाक वर करून त्यांनी हवा हुंगली. "आणि उद्यापासून ते अत्तर लावून येऊ नका. वासाने पेशी बिथरतात."

यंत्रबाईने अत्तर बंद केलं. पण तिच्या यंत्राने झडप दाखवायला साफ नकार दिला. ताटल्यांवर ताटल्या मोजल्या, सगळीकडे रेघ खोल विहिरीत. ती निकाल घेऊन मोठ्या सरांकडे गेली, तर ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "यंत्राला ओठ असतात का, बाई?"

ती निकालाचे कागद गोळा करून खाली आली. 

मग वरून फर्मान आलं. तळघरात जागा एकच. टेबल राहील किंवा यंत्र. बाहेरची पाहणी समिती येईल आणि डोळ्यांनी बघून ठरवेल. हाताने झडप दिसली आणि यंत्रावर नाही दिसली, तर यंत्र परत जाईल. दोन्हीकडे सारखंच दिसलं, तर टेबल मोडीत आणि उस्ताद भांडारात. भांडार म्हणजे मागच्या अंगणातली पत्र्याची खोली, जिथे बाटल्या, बुचं आणि निवृत्तीची वाट बघणारी माणसं ठेवत.

"समितीचे अध्यक्ष कोण येताहेत माहीत आहे ना?" मोठे सर उस्तादांना म्हणाले. "आगाऊ आवळ शोधणारे! हुकूम यायच्या आधीच स्नायू थोडासा आवळतो, हे त्यांनी दाखवलं. पाठ्यपुस्तकात आहे. त्यांच्यानंतर ती आवळ कोणाला दिसलीच नाही, असा हात! ते तुमचा हात ओळखतील."

उस्तादांची छाती अशी फुगली की गालातली गोळी घशात अडकली.

आणि नेमकी त्याच आठवड्यात त्यांची दाढ दुखू लागली.

वर्षानुवर्षं साखर चघळून दाढ पोकळ झाली होतीच, आता ती ठणकून बोलू लागली. बायको दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसून लोकांना वेळा द्यायची. तिने नवऱ्याला रांगेत मधेच घुसवला आणि खुर्चीजवळ उभी राहिली, तो पळून जाऊ नये म्हणून.

दाढ निघाली. डॉक्टरीणबाई हात धूत म्हणाल्या, "आता नीट ऐका. दोन आठवडे तरी नळीने काही प्यायचं नाही, गोळ्या चघळायच्या नाहीत, तोंडाने हवा ओढायची नाही. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरलीय. ती निसटली तर हाड उघडं पडेल आणि तुम्ही भिंतीला डोकं आपटाल."

उस्ताद कापसाच्या बोळ्यातून काहीतरी बोलले.

"काय म्हणताहेत?"

"म्हणताहेत, त्यांचं कामच ते आहे," बायको म्हणाली.

"कुठलं?"

"हवा ओढायचं. पगारी."

"मी आयनांचा प्रवाह मोजतो!" उस्तादांनी बोळा थुंकून सांगितलं.

"तेच. हवा ओढून. बोळा घाला परत."

समिती आठवड्यावर आली होती. उस्ताद घाबरले खरे, पण हाडाला जास्त घाबरले. त्यांनी विचार केला, सरावापुरती तोंडाऐवजी पिचकारी वापरू. त्यांनी भांडारातून नवी पारदर्शक नळी आणली, तिला इंजेक्शनची रिकामी पिचकारी लावली, आणि दांडा अंगठ्याने हलकेच मागे घेऊन पेशीला ओढ दिली. पेशी पहिल्या झटक्यात डसली. दुसरी ओढ, भोक पडलं. उस्ताद मनात म्हणाले, हात म्हणतात तो हा.

आणि पडद्यावरची रेघ धाडदिशी विहिरीत गेली.

दुसरी पेशी. विहीर. तिसरी. विहीर. उस्तादांनी ताटली बदलली, खारं पाणी नवीन केलं, चांदीची तार घासली, टेबलाभोवतीच्या जाळीच्या पिंजऱ्याचे स्क्रू आवळले. लिफ्टला पाचर आहे ना हे बघायला तीनदा बाहेर जाऊन आले. हिशेबखात्याचे साहेब जिन्याने खाली येत होते, त्यांना उगाच दोन शब्द सुनावले. परत येऊन बसले. विहीर.

समोर यंत्रबाईचं यंत्र आपल्या नादात घरघरत होतं आणि त्याच्या पडद्यावरही तीच विहीर. दोन्हीकडे सारखंच. उस्तादांच्या डोळ्यांपुढे भांडारातल्या बाटल्या रांगेने उभ्या राहिल्या.

"काय झालं काका?" तिने विचारलं.

"दाढ," उस्ताद म्हणाले. त्यांना तेव्हा मनापासून वाटत होतं, की आपली कला त्या दाढेत होती आणि ती डॉक्टरीणबाईंच्या बादलीत गेली.

ती जेवायला वर गेल्यावर त्यांनी खणातून जुनी पिवळी नळी काढली. तोंड लावायची छाती नव्हती. म्हणून तिच्याच टोकाला पिचकारी बसवली. अंगठ्याने ओढ घेतली. पेशी डसली. आणि रेघ वीतभर खाली जाऊन, जावई सासरी लोडाला टेकतो तशी, आरामात विसावली.

झडप!

उस्तादांना आधी रडूच यायचं बाकी होतं. मग त्यांचा आनंद जरा आंबला. तोंड लावलं नव्हतं. ओठांचा संबंध नव्हता. अंगठा तोच, पिचकारी तीच, पेशी त्याच ताटलीतली. बदलली होती ती फक्त नळी. त्यांनी नळी उजेडाकडे धरली. आतल्या बाजूला, काच जिथे बसते त्या टोकाशी, तेलकट पिवळे थेंब जमले होते. त्यांनी नळी नाकाशी नेली. आयुष्यात पहिल्यांदाच नेली असेल. स्वतःच्या घराचा वास स्वतःला येत नाही तसं होतं ते.

पेपरमिंट.

आता गडी कसाही असला तरी शेवटी मोजणारा होता. त्याने डबीतली एक गोळी खाऱ्या पाण्यात विरघळवली, कोरी नवी नळी घेतली आणि काचेच्या मागे त्या पाण्याचा एक थेंब सोडला. नवी नळी, अंगठ्याची ओढ, थेंब गोळीचा. झडप हजर. थेंब नाही, झडप नाही. थेंब आहे, झडप आहे. मोठ्या सरांचं पुस्तक, देशोदेशीची भाषणं, दोन पाहुण्यांचे खरखरीत हात, सगळं त्या एका थेंबात बसत होतं आणि वर जागा उरत होती. स्नायूला विसावा वगैरे काही नव्हता. पेपरमिंटने कॅल्शियमची दारं गारठत होती, एवढंच.

संध्याकाळी घरी उस्ताद बटाट्याचा लगदा उजव्या गालाने खात होते. बायको समोर बसून त्यांच्याकडे बघत होती.

"बोला," ती म्हणाली. "दुखण्याचं तोंड वेगळं असतं. हे वेगळं आहे."

त्यांनी सांगितलं. 

"म्हणजे झडप सापडली ती मी सिगारेट सोडायला लावल्यावर?"

"त्याच सुमाराला."

"मग पुस्तकात माझं नाव यायला पाहिजे होतं."

"थट्टा करू नकोस."

"थट्टा मी करतेय? अहो, मग सांगून टाका सरांना."

"सांगितलं तर टेबल जाईल. मी भांडारात."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी उस्ताद."

"गोळीचे," ती म्हणाली. मग ताट उचलता उचलता थांबली. "पेशी तर तुम्हीच लावत होतात ना? ती तर खरी लागत होती?"

"ती कोण बघतं?" उस्ताद म्हणाले.

ती आत गेली. आतून आवाज आला, "जायचं तर जा, ओढा ती घाणेरडी नळी. पण रक्त आलं तर माझ्या अभ्र्यावर सांडू नका."

समितीच्या दिवशी इमारत धुतली होती. लिफ्टची पाचर मात्र जागेवरच होती, त्यामुळे अध्यक्षांना काठी टेकत जिना उतरावा लागला. सुरकुतलेला, ताठ, डोळ्यांत अजून धार असलेला म्हातारा. खोली लहान, आणि माणसांच्या श्वासानेही टेबल हलतं असं उस्तादांनी जाहीर केलेलं. त्यामुळे मोठे सर आणि बाकीची समिती बाहेर दाराशी उभी राहिली. आत तिघंच. टेबलावर उस्ताद, त्यांच्या शेजारी स्टुलावर अध्यक्ष, आणि मागे पडद्यावरच्या नोंदी घ्यायला यंत्रबाई. तिने आधीच आपल्या यंत्रावर विहिरी दाखवल्या होत्या आणि समितीने हुं हुं केलं होतं.

समितीला ओठांची ओढ बघायची होती, पिचकारी चालणार नव्हती, म्हणून उस्तादांनी खणातून नुसती पिवळी नळी काढली. सकाळपासून गालात दोन गोळ्या होत्या. खड्डा ठणकत होता. त्यांनी नळी ओठांत धरली आणि ओढ घेतली. पेशी डसली. दुसरी ओढ घेताना खड्ड्यात काहीतरी सुटल्याचं त्यांना कळलं, तोंडात लोखंडाची चव आली. पण पडद्यावरची रेघ वीतभर उतरली आणि विसावली. दाराबाहेरून मोठ्या सरांचा हुंकार ऐकू आला. टेबल राहिलं. उस्ताद राहिले. रक्त गिळून ते अध्यक्षांकडे बघून हसले.

अध्यक्षांचे डोळे भिजले होते. "कित्येक वर्षांत हे बघितलं नव्हतं," ते म्हणाले. "हातांनी, ओठांनी केलेलं मोजमाप. मला एकदा ओढू द्या."

हे कोणीच कधी मागितलं नव्हतं.

"सर, ती... उष्टी आहे."

"आमच्या वेळी सगळ्याच उष्ट्या असत. द्या."

उस्तादांनी बाहीला टोक पुसलं. त्याने ना घाण गेली ना वास. म्हाताऱ्याने नळी ओठांत धरली. हात थरथरत होते, पण ओठ थरथरले नाहीत. त्याने नवी पेशी घेतली, ओढ दिली, आणि पेशी लागली. मग त्याने सावकाश नळी बाजूला केली. जीभ ओठांवरून फिरवली.

"पेपरमिंट," तो म्हणाला.

यंत्रबाईची बोटं थांबली.

"खोकला, सर," उस्ताद पुटपुटले.

"किती वर्षं आहे खोकला?"

"सिगारेट सुटल्यापासून."

"आणि झडप?"

उस्तादांनी आपल्या चपलांकडे पाहिलं. "त्याच सुमाराला."

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर हसू आलं. चोर पकडल्याचं हसू. उस्तादांना भांडाराच्या पत्र्यावर ऊन तापल्याचा वास येऊ लागला. पण मग ते हसू म्हाताऱ्याच्या तोंडावरून हळूहळू उतरलं, कोणी मागून ओढून घेतल्यासारखं. तो पिवळ्या नळीकडे बघत राहिला.

"मी पाइप ओढायचो," तो कोणालाच न सांगितल्यासारखं म्हणाला. "टेबलावरच. एक ओढ पाइपची, एक नळीची." मग त्याने विचारलं, "तंबाखूतल्या निकोटिनने स्नायूच्या दारांचं काय होतं?"

"उघडतात, सर."

"हुकमाची वाट न बघता?"

"न बघता."

पाठ्यपुस्तकातलं ते पान तिघांच्याही डोळ्यांपुढे होतं. काठीवरची म्हाताऱ्याची बोटं पांढरी पडली. मग त्याने मान वळवली. "बाई, हे तुमच्या नोंदीत जातंय का?"

"आवाज नोंदवला जात नाही, सर. फक्त प्रवाह."

"चांगलं यंत्र आहे," अध्यक्ष म्हणाले, आणि काठी टेकत उठले.

बाहेर जाऊन ते मोठ्याने काय बोलले ते इमारतभर झालं. "हात बघायला मिळाला! यंत्रं येतील आणि जातील!" मोठ्या सरांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. समितीने अहवालात लिहिलं, की मानवी कौशल्याला पर्याय नाही. यंत्र पंधरवड्यात खोक्यात बंद होऊन ज्या वाटेने आलं त्या वाटेने गेलं, आणि ते नेताना लिफ्ट वापरायची परवानगी उस्तादांनी खास स्वतः दिली. गालाला सूज, खिशात नवी डबी, हाड उघडं पडल्याने डोळ्यांत पाणी. लोकांना वाटलं, भावना अनावर झाल्या.

यंत्र गेलं, यंत्रबाई राहिली. मोठे सर तिला म्हणाले, "तुम्ही जायलाच पाहिजे असं नाही. उस्तादांच्या हाताखाली बसा. झडप दाखवलीत की नेमणूक पक्की. नाहीतर मग तुमचा हात नाही असं समजू."

ती बसली. नवी नळी, पिचकारी. पोरगी हुशार, हातही बरा. पेशी लागू लागल्या, उस्तादांच्या खालोखाल लागू लागल्या. आणि प्रत्येक वेळी रेघ विहिरीत. उस्ताद मागे उभे राहून बघत. त्यांना ठाऊक होतं की ती दाखवतेय तेच बरोबर आहे, आणि मोठे सर खाली येऊन तिच्या पाठीमागे जिभेने चुक्‌चुक् करत तेव्हा ते मूग गिळून बसत. मूग आणि रक्त, दोन्ही गिळायची आता त्यांना सवय झाली होती.

एका सकाळी ती वर जाऊन आली. कोट अंगात घातला नाही, तशीच स्टुलावर बसली.

"कुठे गेला होतात?" उस्तादांनी विचारलं. 

"सरांकडे. नळीला कसला वास येतो ते सांगून आले."

उस्तादांनी हातातली डबी खिशात टाकली. "मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, झडप दिसत नसेल तर दोष हातात असतो, नाहीतर तोंडात. नाकाचा काही संबंध नाही."

पिंजऱ्याच्या जाळीला कुठेतरी तार घासत होती. ती उठली, नवी नळी काढून टोपलीत टाकली, काच तापवून ताणली, पाणी भरलं, ताटली ठेवली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि मागे न बघता उजवा तळहात पसरला.

"उस्ताद," ती म्हणाली.

उस्तादांनी वळून दाराकडे पाहिलं, कोणी बाहेरचं आलंय का. कोणी नव्हतं.

"उस्ताद, एक गोळी द्या."

"अहो बाई," उस्ताद म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला, "नव्या नळीने दिसतंय ते खरं आहे. तुमचं बरोबर आहे."

"ते समितीपुढे बोलायचं होतं." तळहात हलला नाही. "आता गोळी द्या."

त्यांनी डबी उघडली. तिने गोळी घेतली, भिंतीवरच्या पाटीखाली बसून गालात ठेवली, दोनदा चघळली, आणि मग, क्षणभर डोळे मिटून, पिवळी नळी ओठांत धरली. उस्ताद बाहेर गेले, लिफ्टच्या दारात पाचर घट्ट आहे ना ते पायाने ठोकून आले. वर कुठेतरी कोणीतरी बटण दाबत होतं.

ते आत आले तेव्हा पेशी लागलेली होती. पडद्यावरची रेघ वीतभर खाली उतरली आणि विसावली. दारात मोठे सर उभे होते, गुडघा चोळत, पण चेहरा उजळलेला.

"बघा! आला की नाही हात?" ते म्हणाले. "उस्ताद, शिकवलंत तुम्ही!"

यंत्रबाईने डोळा सूक्ष्मदर्शकावरून काढला नाही. उस्तादांनी मान डोलावली. जीभ मात्र दाढेच्या खड्ड्यात जाऊन बसली होती, आणि ती तिथून हलायला तयार नव्हती.